कुंभार्ली घाटातला सात मिनिटांचा थांबा

वैजयंताआत्यानं नवी गाडी कंपनीला परत केली, कंपनीनं ती मुकाट्यानं घेतली, आणि रत्नागिरीच्या एका सरकारी कार्यालयात पाच माणसांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. पाचवा मी.

आता हे विसरा. असं काहीही घडलेलं नाही. मी आत्ताच आलोय, चप्पलसुद्धा काढलेली नाही, आणि गाडी अजून दारात यायची आहे.

तर, गाडी दारात आली. साल २०४३, मे महिना, मुक्काम चिपळूण. गाडीचं नाव ‘सौजन्य-चार’. पांढरी, गुळगुळीत, स्वतःची स्वतः चालणारी. या गाडीची ख्याती अशी, की जगात इतकी सभ्य गाडी दुसरी नाही. रस्त्यावर ती सगळ्यांना आधी वाट देते. माणसांना देते, म्हशींना देते, वाऱ्यानं उडालेल्या पिशवीला देते. आत्यानं पूजा करून चार चाकांखाली चार लिंबं ठेवली, तर गाडी म्हणाली, “मावशी, माझ्या मार्गात फळं आहेत. ती गेली की निघू.” लिंबं कुठे जाणार? पाऊण तास आम्ही तशीच ओवाळलेली गाडी बघत उभे. शेवटी आत्यानं लिंबं उचलून त्यांचं सरबत केलं.

माझी ओळख थोडक्यात उरकतो. मी शार्दूल, आत्याच्या भावाचा मुलगा, वय सव्वीस. यंत्रांनी लिहिलेल्या मराठीतून जादाचे ‘कृपया’ काढून टाकायचे, ही माझी नोकरी. काम घरबसल्या आहे आणि घरी बसण्यात मी वाकबगार आहे, म्हणून आत्याकडे राहतो.

आत्या अठ्ठावीस वर्षं एसटीत कंडक्टर होती. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, पण अजूनही दारात दोन पाहुणे एकदम उभे राहिले की ती म्हणते, “आत सरका, आत जागा आहे.” तिचा मुलगा पराग पुण्यात असतो. कुठल्या गोष्टीत किती धोका आहे याची टक्केवारी काढायची, हे त्याचं काम. गाडी त्यानंच आईच्या नावावर घेतली. बेत असा, की जूनमध्ये आत्यानं गाडीसकट पुण्याला राहायला जायचं आणि गाडीनं परागच्या मुलीला, मुक्ताला, रोज शाळेत सोडायचं. मुक्ता सात वर्षांची. दुसरी इयत्ता. गाडीत दुसरं कुणी नाही. सात वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला एकट्यानं अशा गाडीतून जायला तोवर कायद्यानं परवानगी मिळाली होती.

चौथ्या दिवशी आम्ही कऱ्हाडला एका डोहाळजेवणाला निघालो. कुंभार्ली घाट चढत असताना मी मागच्या सीटवर झोपलो होतो. हे आधीच कबूल करतो, म्हणजे नंतर कुणी विचारायला नको.

जाग आली तेव्हा गाडी मागे जात होती. पुढची सीट रिकामी होती आणि आत्याच्या बाजूचं दार सताड उघडं होतं. चालत्या एसटीतून उतरण्याचा आत्याला दांडगा अनुभव आहे. मी मान वळवून मागच्या काचेतून पाहिलं, तर आधी आकाश दिसलं, मग आकाशाच्या खालीही आकाशच दिसलं. मग मधोमध आत्या दिसली. पदर खोचलेला, छातीशी दोन्ही हातांनी धरलेला हा एवढा दगड. तिनं तो चाकामागे टाकला, गाडीनं एक दणका खाल्ला आणि थांबली. मागचं चाक कड्यापासून चार हातांवर होतं. चार हात मी नंतर मोजले, आत्याचे. माझे अजून दार सोडत नव्हते.

“उतर रे मेल्या!” आत्या ओरडली. “झोपायचे डोहाळे तुला लागलेत काय?”

मी उतरलो. गाडी पूर्ण बंद होती. सात मिनिटांनी तिचे दिवे लागले आणि ती प्रसन्न आवाजात म्हणाली, “मावशी, आपण खाली का उभ्या आहात?”

आत्या तिच्याकडे बघतच नव्हती. ती वळणावरच्या खांबाकडे बघत होती. पलीकडची वाहनं दिसावीत म्हणून घाटात मोठे फुगीर आरसे लावतात, तसा एक नवाकोरा आरसा त्या खांबावर होता. “हा गेल्या महिन्यात नव्हता,” ती म्हणाली. “हिनं त्यात स्वतःलाच पाहिलं. समोरून गाडी येतेय असं वाटलं, म्हणून वाट द्यायला मागे गेली. आरशातलीही मागे गेली. हिला वाटलं, तीच मला वाट देतेय. म्हणून पुढे आली. तीही पुढे. असं तीनदा झालं बघ. तिसऱ्यांदा हिचं डोकं बंद पडलं.”

“पण मग ब्रेक?”

“तेच तर. डोकं बंद पडलं आणि ब्रेकही सुटला.”

पुढचं संकट हे, की गाडी आता शुद्धीवर आली होती आणि समोर आरसा तसाच होता. आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या शर्टाकडे पाहिलं. खांबावर चढून मी तो आरशाला घातला, अगदी वरच्या गुंडीपर्यंत. गाडी निमूट निघाली. कऱ्हाडच्या त्या डोहाळजेवणाच्या प्रत्येक फोटोत मी बनियनवर आहे आणि ओटी भरणाऱ्या बायका भिंतीकडे बघताहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यानं गाडीला विचारलं, “काल घाटात काय झालं, आठवतंय ना?”

“कालचा प्रवास निर्विघ्न पार पडला, मावशी,” गाडी म्हणाली. “आपण डोहाळजेवणाला गेलो. शार्दूल यांनी येताना शर्ट घातला नव्हता. तो त्यांचा खासगी निर्णय आहे.”

“तू कड्याकडे घरंगळलीस!”

“असं घडल्याची नोंद माझ्याकडे नाही.”

तिच्या आवाजात खोटेपणाचा लवलेश नव्हता. मीच एक क्षण विचारात पडलो, की मी झोपेत तर नव्हतो ना. आणि मी होतोच.

आत्यानं परागला फोन लावला. पडद्यावर त्याचा चेहरा आला, शेजारी मुक्ता दूध पीत होती. आत्यानं सगळं सांगितलं. परागनं ते शांतपणे ऐकलं आणि त्याच शांतपणे स्वतःच्या फोनवर गाडीचं अ‍ॅप उघडून पाहिलं.

“आई, इथे निर्विघ्न लिहिलंय.”

“तिथे काहीही लिहिलं असू दे. मी सांगतेय ना?”

“आई, मागच्या महिन्यात तू गॅस बंद करायला विसरली होतीस.”

“दूध उतू गेलं होतं, पराग. दूध. आणि ते शार्द्या विसरला होता.”

हे खरं आहे. मी मान डोलावली, पण पडद्यावर मी दिसत नव्हतो.

“दहा लाख किलोमीटरमध्ये या मॉडेलच्या नावावर एक बिघाड नाही,” पराग म्हणाला. “आणि माणसाच्या आठवणीत चूक असण्याची शक्यता…” त्यानं टक्केवारी सांगितली. स्वतःच्या आईला टक्केवारी सांगणारा माणूस मी प्रथमच बघत होतो. “पुण्याला आलीस की एका चांगल्या डॉक्टरांना भेटू. नुसती चाचणी गं. मुक्ताची शाळा पंधरा जूनला सुरू होते, तोवर सगळं नीट होईल.”

आत्यानं फोन ठेवला. अठ्ठावीस वर्षांत दारू प्यायलेल्यांना, फुकट्यांना आणि तीन आमदारांना एसटीतून खाली उतरवणारी ही बाई. पण त्या दिवशी तिनं स्वयंपाकघरात जाऊन गॅसचा खटका तीनदा बघितला. मला ते आवडलं नाही.

गाडी परत करण्यासाठी कायदा होता. नवी गाडी जीवघेणी निघाली तर घेतल्यापासून तीस दिवसांत नाकारता येते. फक्त पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणून एकच गोष्ट चालते: गाडीची स्वतःची स्मृती. फोटो चालत नाहीत, व्हिडिओ चालत नाहीत, कारण २०४३ मध्ये हत्ती एसटी चालवतोय असा व्हिडिओ माझी शेजारीणही बनवते. आणि माणसाची साक्ष चालत नाही, कारण माणसाला कल्पना करायची खोड आहे. थोडक्यात, गाडीनं गुन्हा कबूल केला तरच गाडी दोषी. आजवर किती गाड्या या कायद्यानं परत गेल्या, हे मी शोधलं. उत्तर सुटसुटीत होतं. एकही नाही.

आम्ही कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात गेलो. तिथली तंत्रज्ञ नसीमा परकार. तिच्या लहानपणी ती आत्याच्याच गाडीनं शाळेला जायची, त्यामुळे आत्याला बघून ती आधी उभी राहिली आणि मग नकळत खिशात पास शोधू लागली.

“काकी, गाडी खोटं बोलत नाही,” सगळं ऐकून ती म्हणाली. “तिला खरंच आठवत नाही.”

मग तिनं जे सांगितलं ते माझ्या शब्दांत असं. या गाड्यांचा मेंदू जुन्या संगणकासारखा नाही. त्यात एक पदार्थ वापरलाय, ज्यातून वीज गेली की तो थोडा बदलतो आणि तसाच राहतो. म्हणजे पायवाट कशी पडते, तसं. जास्त वेळा गेलं की वाट ठळक होते, गेलंच नाही तर गवत वाढतं. आपल्याही मेंदूचं काहीसं असंच असतं. पहिल्या काही गाड्यांना कंपनीनं सगळंच लक्षात ठेवायला शिकवलं, आणि त्या भित्र्या झाल्या. एका गाडीवर फलटणजवळ बैल धावून आला, तर ती गाडी पुढे काळ्या रंगाचं काहीही दिसलं की थांबायची. छत्री, पाटी, वकील, काहीही. मग कंपनीनं गाड्यांना झोप दिली. चार्जिंगला लावली की गाडी झोपते. झोपेत ती दिवसभराचा प्रवास पुन्हा मनातल्या मनात चालते. जे नेहमीचं ते पक्कं करते. जे एकदाच घडलं, विचित्र घडलं, ते गोंधळ समजून पुसते.

“आणि मरता मरता वाचणं हे एकदाच घडतं,” आत्या म्हणाली.

“हो काकी. म्हणून नोंद कोरी.” नसीमानं आवाज खाली आणला. “याच मॉडेलच्या गाड्यांची आणखीही माणसं येऊन असंच सांगून गेलीत. एक गृहस्थ तर म्हणाले, बहुतेक मला स्वप्न पडलं असावं.”

आम्ही सोपा उपाय करून बघितला. गाडीला घाटात नेलं, तिला आरसा दाखवला, दगड तयारच ठेवला होता, आणि शुद्धीवर येताच, झोपायच्या आत, तिला पळवत रत्नागिरीला सुनावणीच्या कार्यालयात नेलं. एकशे दहा किलोमीटर. कार्यालयाला कुलूप होतं. दुसरा शनिवार.

येताना गाडीनं वाटेत चार्जिंग केलं, झोपली आणि निरागस होऊन उठली.

दुसरा दिवस रविवार. संध्याकाळी आत्यानं एकदम नसीमाला फोन केला. “किती वेळा घडलं की ती गोष्ट नेहमीची होते?”

नसीमानं विचार करून सांगितलं, “लागोपाठ सात दिवस. पुसलेल्याची फिकी खूण एक दिवस राहते, ती रोज ठळक करायची. पण जागा तीच हवी आणि वेळ तीच हवी. वेळ दोन मिनिटांच्या वर हलली की गाडी ते वेगळं धरते. पण काकी, इतकं वेळेवर कोण जाणार?”

मी आत्याकडे पाहिलं. निवृत्त झालेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असं काही दिसलं की समोरच्यानं पळून जावं. मी उशीर केला.

“चिपळूण सुटणार दहा पंधरा,” आत्या म्हणाली. “शिरगाव दहा पस्तीस. पोफळी दहा पन्नास. आरशाचं वळण अकरा दहा. आपण त्याला बिघाड म्हणायचंच नाही, शार्द्या. थांबा म्हणायचा.”

आणि आमची फेरी सुरू झाली. सोमवारपासून रोज. वळणावर, आरसा दिसायच्या जरासं आधी, आत्या गाडी थांबवायची आणि आम्ही दोघं उतरायचो. आदल्या दिवशीच निवडलेले दोन दगड गाडीच्या मागे लावून ठेवायचे, म्हणजे घरंगळली तरी दोन हातांच्या वर जायची नाही. मी लाल कापड घेऊन खालच्या वळणावर उभा, मागून येणाऱ्यांना थांबवायला. मग आत्या गाडीच्या टपावर दोनदा टकटक करायची. एसटीत दोन घंटा म्हणजे निघा. गाडी हळूच पुढे जायची, आरशातल्या गाडीला भेटायची, मागे, पुढे, मागे, पुढे, मागे, पुढे, धप्प. दगड. शांतता. सात मिनिटं आम्ही चहा प्यायचो. सात मिनिटांनी गाडी शुद्धीवर यायची, मी आरशाला शर्ट घालायचो, आत्या टकटक करायची, आणि आम्ही घाटमाथ्यावर जाऊन परत फिरायचो.

तिसऱ्या दिवसापर्यंत खालून येणारे ट्रकवाले मला ओळखायला लागले. चौथ्या दिवशी एकानं विचारलं, “चिपळूण गाडी गेली का?” मी म्हटलं, “दोन मिनिटात लागेल.” पाचव्या दिवशी एक आजोबा वळणावर छत्री घेऊन बसलेले दिसले. कुठे जायचंय विचारलं, तर म्हणाले, “कुठे नाही. गाडी वेळेवर येते हे बघायला आलोय.”

सहाव्या दिवशी मी उशिरा उठलो.

याचं मी काही स्पष्टीकरण देणार नाही. गजर वाजला होता, मी त्यातला ‘कृपया’ काढून पुन्हा झोपलो होतो. आम्ही वळणावर पोचलो ते अकरा चौदाला. चार मिनिटं. दुसऱ्या दिवशी नसीमानं गाडीची तपासणी केली आणि मान हलवली. सगळं पुसलं गेलं होतं. सहाही दिवस.

मला वाटलं आत्या मारेल. मी उशीही जवळ घेऊन बसलो होतो. आत्यानं फक्त भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. गाडीचा तो विसावा दिवस होता.

“उद्या-परवा घाट दुरुस्तीला बंद आहे, मग सुरू करू. सुनावणी तिसाव्या दिवशी आहे. तेविसावा ते एकोणतिसावा,” ती म्हणाली. “सात. एकही जास्त नाही.” मग माझ्याकडे न बघता, “मुक्ताला चौकात दिसणारी झाडं मोजायची सवय आहे रे. खिडकीला नाक लावून बसते. पुण्यात शाळेच्या वाटेवर काचेच्या भिंतींची केवढी इमारत आहे, माहितेय तुला? ही गाडी त्या काचेत स्वतःला बघेल. मागे सिग्नलला ट्रक असेल. आणि पोर झाडं मोजत असेल.”

त्या दिवसापासून मी बसूनच झोपलो.

तेविसावा झाला, चोविसावा झाला. अकरा दहा, अकरा दहा, अकरा नऊ, अकरा दहा. अठ्ठाविसाव्या दिवशी परागचा फोन आला, की डॉक्टरांची वेळ मिळाली आहे आणि तो उद्या सकाळी न्यायला येतोय. आला तो बरोबर दहा वाजता, बॅग भरायच्या तयारीनं. आत्या गाडीजवळ उभी होती.

“आई, चल. पुण्याला निघायचंय.”

“दहा पंधराची फेरी आहे. परत आल्यावर बोलू. बसायचं तर बस, नाहीतर दारातून बाजूला हो.”

पराग बसला. कदाचित लहानपणची सवय. वळणाच्या अलीकडे आत्या म्हणाली, “उतरा.”

“मी नाही उतरत,” पराग म्हणाला. “गाडी सुरक्षित आहे हे मी बसूनच दाखवतो तुला. त्याशिवाय हे डोक्यातून जाणार नाही तुझ्या.”

अकरा आठ झाले होते. मी लाल कापड घेऊन उभा, दगड लागलेले, आणि आत्याचा मुलगा आत. आत्या दाराशी गेली. आवाज चढवला नाही. फुकट्यांशी बोलतानाही ती आवाज चढवत नसे.

“पराग. तुझं तिकीट इथपर्यंतच आहे. खाली.”

पराग उतरला. पस्तीस वर्षांचा माणूस, पण मी शपथेवर सांगतो, त्यानं उतरताना आधी डावा पाय टाकला, जसं आत्या सगळ्यांना शिकवते.

टकटक.

गाडी पुढे गेली. आरशात दुसरी गाडी आली. मागे. पुढे. मागे. पुढे. मागे. पुढे. आणि मग तो आवाज, जो मी ऐकायला सरावलो होतो पण पराग नव्हता: काहीच नसल्याचा आवाज. दिवे विझले. गाडी मागे सुटली आणि धप्पकन दगडावर आदळली. पाठीमागे दरीतून वारा वर आला.

परागनं फोन काढून अ‍ॅप उघडलं. मी त्याच्या खांद्यावरून पाहिलं. पडद्यावर लिहिलं होतं: प्रवास निर्विघ्न चालू आहे.

तो त्या अक्षरांकडे बघत राहिला. मग समोरच्या दगडाकडे. मग पुन्हा अक्षरांकडे. त्याचा अंगठा पडदा ताजा करत होता, पुन्हा, पुन्हा.

“आई,” तो म्हणाला, “हे इथे येत नाहीये.”

“येणार नाही. चहा घे.”

त्यानं कप घेतला, पण प्यायला नाही. मग दगडाजवळ जाऊन वाकला आणि तो नीट बसलाय का हे हातानं दाबून बघितलं. ते बघून आत्यानं तोंड फिरवलं आणि बराच वेळ थर्मासचं झाकण लावत राहिली. ते झाकण एका फेऱ्यात लागतं.

तिसाव्या दिवशी सुनावणी. खोलीत अधिकारी, लिपिक, शिपाई, कंपनीचे वकील, आणि गाडीची स्मृती उघडायला नसीमा. गाडी खाली अंगणात होती, तिचा आवाज भिंतीवरच्या कर्ण्यातून येत होता.

अधिकाऱ्यांनी कायद्यात छापलेला प्रश्न विचारला. “गेल्या तीस दिवसांत कोणती असामान्य घटना घडली काय?”

“नाही,” गाडी म्हणाली.

कंपनीचे वकील हसले. अधिकाऱ्यांनी पेन टोपणात घातलं. परागनं खुर्चीचा हात घट्ट धरला. मी आत्याकडे पाहिलं, तर ती पिशवीतून चष्मा काढत होती, अगदी निवांत, जणू काही पुढचा थांबा अजून लांब आहे.

“साहेब, मी एक विचारू का तिला?” आत्या म्हणाली. “असामान्य नाही. सामान्यच.”

“विचारा.”

“बाई गं, तुझं रोजचं वेळापत्रक सांग.”

“आनंदानं, मावशी,” गाडी म्हणाली, आणि तिच्या आवाजात मी प्रथमच अभिमान ऐकला. “चिपळूण दहा पंधरा. शिरगाव दहा पस्तीस. पोफळी दहा पन्नास. कुंभार्ली घाट, आरशाचं वळण, अकरा दहा. इथे मी समोरच्या गाडीला तीन वेळा वाट देते. त्यानंतर माझी सर्व नियंत्रणं बंद होतात, ब्रेक सुटतात आणि मी दरीच्या दिशेनं घरंगळते. मावशींचा दगड मला थांबवतो. थांबा सात मिनिटं. प्रवाशांनी त्याआधी उतरून घ्यावं. मी आजवर एकदाही उशिरा घरंगळलेली नाही.”

खोलीत पंख्याचा आवाज येऊ लागला. तो आधीपासूनच येत असणार.

“हे… हे रोज?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“रोज,” गाडी म्हणाली. “सुट्टीच्या दिवशीही.”

“माझी हरकत आहे!” कंपनीचे वकील उठले. “ही गाडी पढवलेली आहे!”

“साहेब,” नसीमा पडद्यावरून मान वर न करता म्हणाली, “या स्मृतीत बाहेरून काही घालता येत नाही. आपल्याच कंपनीनं कोर्टात तसं शपथपत्र दिलंय. तिथे जे आहे ते गाडीनं स्वतः केलेलं आहे. आणि ब्रेकचंही आहे इथे. नियंत्रण बंद पडताच पुन्हा सुरू व्हायला लागतं, तेव्हा ब्रेक स्वतःची तपासणी करतो, आणि तपासण्यासाठी आधी सुटतो. सपाटीवर कुणाला कळत नाही. चढावर कळतं.”

वकील बसले. बसताना खुर्ची किंचित मागे सरकली आणि ते घाबरून टेबलाला धरून राहिले.

अधिकाऱ्यांनी पेन टोपणातून काढलं. बारा वर्षांच्या नोकरीत त्यांनी ‘नामंजूर’ याखेरीज काही लिहिलं नव्हतं, त्यामुळे ‘मंजूर’ लिहिताना त्यांचा हात सवयीनं ‘ना’ काढून गेला. त्यांनी तो खोडला, बाजूला सही केली, आणि उभे राहिले. टाळी पहिल्यांदा शिपायानं वाजवली. मग लिपिकानं, मग अधिकाऱ्यांनी स्वतः, मग परागनं, मग मी. नसीमाला नोकरी टिकवायची होती, म्हणून तिनं टेबलाखाली वाजवली.

आठवड्याभरात राज्यातल्या सगळ्या सौजन्य-चार गाड्या रस्त्यावरून काढून घेण्याचा हुकूम निघाला. ज्या गृहस्थांना स्वप्न पडलं होतं, ते पेढे घेऊन आले. मुक्ता पंधरा जूनला शाळेत गेली, आत्याचं बोट धरून, चालत. वाटेत बावन्न झाडं आहेत. पराग त्या दिवशी रजा टाकून दोघींच्या मागे मागे चालत गेला. त्यानं आईची माफी मागितली की नाही, मला माहीत नाही. डॉक्टरांची वेळ मात्र त्यानं रद्द न करता स्वतःसाठी वापरली.

आणि मग सरकारी हुकुमाची प्रत टपालानं आली. त्यातल्या एका ओळीवर आत्याचं बोट थांबलं. तिनं ती मला दोनदा वाचायला लावली, आणि मग म्हणाली, “कागद घे. लिही.” मी लिहिलं. त्यात एकही ‘कृपया’ काढायचा नाही अशी तिची ताकीद होती.

प्रति,
मा. नोंदणी अधिकारी, जन्म व मृत्यू विभाग.

विषय: वयातून तीस दिवस वजा करून मिळणेबाबत.

महोदय,

मी, श्रीमती वैजयंता चाळके, वय त्रेसष्ट, सेवानिवृत्त वाहक. सोबत जोडलेल्या हुकुमात असे नमूद आहे की, नाकारलेल्या वाहनाची विक्री मुळातच झाली नाही असे मानण्यात यावे, आणि वाहन अर्जदाराकडे असल्याचा संपूर्ण कालावधी घडलाच नाही असे समजण्यात यावे. हा हुकूम मला मान्य आहे.

तथापि, सदर न घडलेल्या तीस दिवसांत माझे वय तीस दिवसांनी वाढले आहे, तसेच त्यांतील पंचवीस दिवस माझ्या सख्ख्या मुलाने मला विसरभोळी समजण्यात खर्च केले आहेत. हुकुमानुसार हे दिवस शिल्लक आहेत.

तरी कृपया माझी जन्मतारीख तीस दिवसांनी पुढे सरकवून, सदर दिवस मला माझ्या नातीसोबत वापरण्यासाठी सुट्ट्या स्वरूपात परत मिळावेत, ही नम्र विनंती. दिवस घ्यायला मी स्वतः कार्यालयात येईन. दुसरा शनिवार सोडून.

कळावे,
आपली विश्वासू,
वै. चाळके